गोठा, चूल आणि शेत : आमच्या बायोगॅसची हकीकत

कुडाळ तालुक्यातील आमच्या घराच्या मागील दारी शेण कुजवून रोज दोन घनमीटर गॅस देण्याच्या क्षमतेचे दीनबंधू पद्धतीचे बायोगॅस संयंत्र बांधले, त्याला आता काही पावसाळे होऊन गेले आहेत आणि आमच्या सहा माणसांचा दोन्ही वेळचा बहुतेक स्वयंपाक त्यावरच होतो. संयंत्र पाहायला येणारे लोक साधारणपणे खर्च किती आला आणि अनुदान किती मिळाले एवढेच विचारतात. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु संयंत्र पंचवीस वर्षे चालणार की तिसऱ्या वर्षी त्यावर गवत उगवणार, हे ज्या गोष्टींवरून ठरते त्या बांधकामाच्या आधी आणि बांधकामानंतर घडतात, असे मला या सगळ्या काळात दिसून आले. म्हणून ही हकीकत जरा विस्ताराने लिहीत आहे.

गोबरगॅस आमच्या भागाला नवा नव्हता. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला, त्यानंतर गावोगावी खादी ग्रामोद्योग आयोगाच्या नमुन्याची, वर लोखंडी पिंप तरंगणारी संयंत्रे उभी राहिली. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड टिकत नाही. पिंप दरवर्षी खरवडून रंगवावे लागे, आणि ज्या घरी ते झाले नाही तिथे पिंपाला भोके पडून गॅस हवेत जाऊ लागला. आमच्या वाडीतही असे एक गंजलेले पिंप होते, आणि बायोगॅस म्हणजे सरकारी पैशाने बांधलेला व मग सोडून दिलेला खड्डा, अशी समजूत त्यामुळे पक्की झाली होती. दीनबंधू हा नमुना १९८४ साली पुढे आला. त्यात लोखंडी पिंप नसते. विटांचा अर्धगोल घुमट जमिनीखाली बांधलेला असतो आणि गॅस त्या घुमटातच साठतो. गंजण्यासारखे त्यात काही नाही. मात्र हवाबंद घुमट बांधणारा गवंडी हवा, आणि त्याच्या हाताला पर्याय नाही. आमच्या जिल्ह्यात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने ही पद्धत घरोघरी पोहोचवली. ती बांधणारे कुशल गवंडी इथे तयार झाल्यामुळेच आमच्यासारख्यांना हा मार्ग मोकळा झाला.

आमच्या घरात या विचाराला सुरुवात झाली ती लाकडांमुळे. सिलिंडर घरात होता, पण तो पाहुण्यांसाठी आणि घाईच्या वेळेसाठी. रोजचा भात, सकाळची पेज आणि आमटी चुलीवरच होत असे. आमच्याकडे उकडा तांदूळ खातात, आणि तो शिजायला वेळ घेतो. सिलिंडरवर रोज उकड्या तांदळाची पेज करणे आम्हाला परवडणारे नव्हते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्याची बेगमी म्हणून ऐन, किंजळ आणि काजूच्या फांद्या तोडून, वाळवून पडवीत रचणे हे मोठेच काम असे. घरच्या बागेतील लाकूड पुरत नसे. ज्या रानातून आम्ही आणि आमच्यासारखी अनेक घरे फांद्या आणत होतो, त्या रानातील झाडांना वर वाढण्याची उसंतच मिळत नव्हती, हे मला शाळेच्या वाटेवरून जाता-येता वर्षानुवर्षे दिसत होते. दुसरे कारण धुराचे. पावसाळ्यात ओलसर लाकूड पेटवताना स्वयंपाकघर धुराने भरून जाई, आणि सासूबाईंचा खोकला त्या चार महिन्यांत कधी थांबत नसे. घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचेच स्वयंपाकघर होते.

निर्णय घेण्यापूर्वी आम्ही शेण मोजले. हे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानते, कारण क्षमता नेमकी इथे ठरते. एक घनमीटर क्षमतेला रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते, म्हणजे दोन घनमीटरला ५० किलो. पुस्तकांत एका जनावरामागे रोज १० किलो शेण धरलेले असते, पण तो आकडा कोकणात जसाच्या तसा चालत नाही. आमच्या गावठी गाई, ज्यांना आता कोकण कपिला या नावाने जातीची नोंदणी मिळाली आहे, अंगाने लहान असतात आणि दिवसभर बाहेर चरतात. त्यांचे गोठ्यात सापडते ते फक्त रात्रीचे शेण, आणि ते पाच-सहा किलोंच्या वर क्वचित जाते. म्हशी गोठ्यात बांधलेल्या असल्याने त्यांचे जवळजवळ सगळे शेण हाती लागते. आम्ही घमेल्याचे वजन करून घेतले आणि सकाळी गोठा काढताना घमेली मोजून भिंतीवर खडूने लिहीत गेलो. दोन म्हशी आणि तीन गाई मिळून आमचे शेण पन्नास किलोंच्या आसपास भरले. त्या वेळी तीन घनमीटरचे बांधा, म्हणजे गॅस जास्त मिळेल, असे एका परिचितांनी आग्रहाने सांगितले होते. परंतु टाकी मोठी केल्याने गॅस वाढत नाही. तो शेणामुळे तयार होतो. टाकी मोठी आणि शेण कमी असेल तर घुमटात पुरेसा दाब येत नाही आणि शेगडी मंद जळते.

अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे केला. सातबारा आणि आठ-अचे उतारे, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि ग्रामपंचायतीचा दाखला एवढी कागदपत्रे लागली. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात दोन ते चार घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला सर्वसाधारण प्रवर्गासाठी १४,३५० रुपये आणि शौचालय जोडल्यास १,६०० रुपये अधिक असे अनुदान होते. ते बांधकाम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर खात्यात येते, म्हणून आधीचा सगळा खर्च घरातूनच करण्याची तयारी ठेवावी लागते, आणि निम्म्याहून जास्त भार शेवटीही घरावरच राहतो. या कार्यक्रमात बांधणाऱ्याकडे पुढील पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. अर्जदारांनी अनुदानाच्या रकमेपेक्षा या जबाबदारीबद्दल अधिक बारकाईने विचारावे, असे मला वाटते.

जागा निवडताना बराच विचार झाला. गोठा जवळ हवा, म्हणजे शेण वाहून नेण्याचा कंटाळा येणार नाही. स्वयंपाकघर जवळ हवे, म्हणजे नळी लांबणार नाही. दिवसभर ऊन हवे, कारण शेण कुजवणारे जिवाणू ऊबेत चांगले काम करतात. आणि विहीर निदान पन्नास फूट दूर हवी. फणस-नारळाची मुळे घुमटाच्या बांधकामात शिरू शकतात, म्हणून झाडांपासूनही अंतर ठेवावे लागते. आमच्याकडे या सर्वांहून महत्त्वाची अट पाण्याची होती. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सखल भागात जुलैमध्ये हातभर खणले तरी पाणी लागते. अशा जागी खालून पाण्याचा दाब येऊन तळ फुटू शकतो. त्यामुळे गोठ्यालगतची सोयीची, पण सखल जागा सोडून आम्ही किंचित चढावरची जागा घेतली. तिथे जांभ्याचा थर लागला आणि खोदाईला अपेक्षेहून जास्त वेळ व मजुरी गेली, पण पावसाळ्यात त्या बाजूला पाणी साचत नाही.

खोदाई संक्रांतीनंतर सुरू केली, कारण बांधकाम, त्याला पाणी मारणे आणि पहिली भरणी हे सगळे मिरगाच्या आधी पूर्ण व्हायला हवे होते. सुमारे नऊ फूट व्यासाचा आणि पुरुषभर खोलीचा खड्डा झाला, तळ परातीसारखा मध्ये खोलगट ठेवला आणि त्यावर काँक्रीट पडले. आमच्याकडे सगळी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. साहजिकच घुमटही चिऱ्यांचा का करू नये असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना वाटले. गवंड्याने त्याचे उत्तर दिले ते असे की चिरा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी पाझरते तसा गॅसही पाझरेल. म्हणून विटा घाट उतरून आणल्या, त्यांतल्या खणखणीत वाजणाऱ्या तेवढ्या निवडल्या आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या.

घुमटाचे काम मी शाळा सुटल्यावर रोज पाहत असे, आणि आजही त्याची आठवण आली की त्या माणसाच्या हाताबद्दल आदर वाटतो. तळाच्या बरोबर मध्यभागी त्याने खुंटी रोवली, तिला मोजून गाठ मारलेली दोरी बांधली आणि प्रत्येक वीट बसवताना दोरीचे टोक विटेच्या आतील कडेला लागते की नाही ते पाहिले. सगळ्या विटा मध्यापासून सारख्या अंतरावर राहिल्या की घुमट आपोआप अर्धगोल होतो आणि कुठेही ताण एका जागी साठत नाही. खालून लाकडी आधार न देता, एकेक वर्तुळ पूर्ण करत तो वर चढत गेला, आणि मागची पोकळी माती घालून, पाणी शिंपडून, धुमसून भरत गेला. ही धुमसणी दिसायला बिनमहत्त्वाची वाटते. पण गॅसचा दाब आतून बाहेर असतो, आणि बाहेरून घट्ट माती नसेल तर विटांच्या सांध्याला बारीक चीर जाण्याचा धोका राहतो. आतून गिलाव्याचे थर एकावर एक दिले गेले, प्रत्येक थर घोटला गेला, आणि शेवटी सिमेंटच्या पाण्याचा हात फिरवून वर रंग दिला. घुमटाच्या माथ्यावर गॅसची नळी बसवली, एका बाजूला शेणकाला (शेण आणि पाण्याचे मिश्रण) कालवण्याची टाकी आणि आत जाणारा सहा इंची पाइप, दुसऱ्या बाजूला शेणकाला बाहेर ढकलला जातो ती निर्गम टाकी. या टाकीच्या तोंडाची उंची आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर ठेवली होती, कारण पावसाचे पाणी तिथून आत शिरले तर आतला काला पातळ होऊन संयंत्र मंदावते.

बांधकामाला भरपूर पाणी मारून ते पक्के झाल्यावर गळतीची परीक्षा झाली. आधी संयंत्रात साधे पाणी भरले, माथ्यावरची तोटी बंद केली आणि पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत रंगीत पाणी घालून तिचे एक टोक गॅसच्या नळीला जोडले. आणखी पाणी भरत गेले की आतली हवा कोंडते आणि नळीतले रंगीत पाणी एका बाजूने वर चढते. तिथे खूण करून रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी पातळी उतरली आहे का ते पाहायचे. आमची पातळी तशीच होती. ज्या घरी ही परीक्षा न करता थेट शेण भरले जाते, तिथे गळती नंतर समजते, आणि तोवर आत कित्येक टन काला साचलेला असतो. बांधून घेणाऱ्याने ही परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगते.

पहिल्या भरणीला दोन टनांच्या आसपास शेण आणि तेवढेच पाणी लागते. घरचे शेण साठवत गेलो असतो तर महिना गेला असता आणि साठवलेले शेण वाळले असते, म्हणून वाडीतल्या घरांतून शेण गोळा केले. त्यासाठी पाट्या घेऊन शेजारच्या बायका आणि मुलेही आली. शेणात गवताच्या काड्या, माती आणि खडे राहू द्यायचे नाहीत, कारण काड्या वर तरंगून जाड साय धरतात आणि खडे तळाशी बसून टाकीची जागा खातात. सुरू असलेल्या एका संयंत्रातून काढलेला थोडा काला विरजणासारखा त्यात मिसळला. त्यात आवश्यक ते जिवाणू तयार असतात आणि सुरुवात लवकर होते.

पहिला गॅस पेटत नाही, हे आम्हाला आधीच सांगून ठेवले होते. सुरुवातीला आतली हवा आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण जास्त असते; मिथेन निम्म्याच्या वर गेल्यावरच स्थिर ज्योत मिळते. तो पहिला गॅस उघड्यावर सोडून द्यायचा, आणि ज्योत लागते का ते घुमटाजवळ काडी ओढून कधीही पाहायचे नाही. हवा मिसळलेल्या गॅसने तिथे भडका उडू शकतो. तपासणी शेगडीवरच, आणि आधी काडी पेटवून मग तोटी उघडायची. हा क्रम आमच्या घरी लहान मुलांनासुद्धा पाठ आहे. फाल्गुनाच्या अखेरीस एका दुपारी शेगडीवर निळी ज्योत स्थिर राहिली आणि सासूबाईंनी त्यावर पहिल्यांदा दूध तापवले.

यानंतर रोजची वहिवाट सुरू झाली. सकाळी गोठा काढला की शेण कालवणीच्या टाकीत टाकायचे, जेवढे शेण तेवढेच पाणी घालायचे, गुठळ्या फोडून एकजीव करायचे, वर आलेल्या काड्या वेचायच्या आणि बूच काढून काला आत सोडायचा. एवढ्याला पाव तास लागतो. आत गेलेला काला साधारण चाळीस दिवस तिथे राहतो, म्हणजे आज टाकलेल्या शेणाचा गॅस आपण पुढच्या महिन्यात वापरत असतो, आणि आज केलेल्या हयगयीचा परिणामही उशिराने दिसतो. साबणाचे पाणी किंवा फिनेल त्यात जाऊ द्यायचे नाही. जनावर आजारी असून त्याला प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू असतील तर त्याचे शेण तेवढे दिवस बाजूला काढायचे, कारण ते औषध आतल्या जिवाणूंनाही मारते. नळीत बाष्पाचे पाणी साचले की ज्योत फुरफुरू लागते. नळीला उतार देऊन सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्याची तोटी ठेवली असल्याने ते सहज निघते.

दीनबंधूत गॅसचा दाब सकाळी सर्वांत जास्त असतो, कारण रात्रभर साठलेला गॅस काल्याला निर्गम टाकीत ढकलून बसलेला असतो. स्वयंपाक होत जातो तसा दाब उतरतो. त्यामुळे आम्ही स्वयंपाकाचा क्रम बदलला. घावणे, भाकरी असे मोठ्या आचेचे पदार्थ आधी आणि पेज, उकड्या तांदळाचा भात असे मंद आचेचे नंतर. हिशेबाने एक घनमीटर बायोगॅस सुमारे ०.४३ किलो एलपीजीच्या बरोबरीचा असतो, म्हणजे रोजच्या दोन घनमीटरमधून महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरइतका गॅस मिळायला हवा. उन्हाळ्यात त्या आकड्याच्या जवळ पोहोचता येते. पावसाळ्यात गारवा असतो, गुरे ओला चारा खातात, शेण पातळ होते, आणि गॅस निश्चितच कमी पडतो. श्रावण-भाद्रपदात गणपतीला माणसे आली की सिलिंडर काढावा लागतो. शिवाय न्हाणीघरातील आंघोळीचे पाणी आजही नारळाच्या सोडणांवर आणि झावळ्यांवरच तापते, कारण इतके पाणी तापवण्याएवढा गॅस उरत नाही. तरीही रानातून लाकूड तोडून आणण्याचे आमच्या घरचे काम पूर्ण थांबले आहे आणि पडवीतली लाकडांची जागा आता भाताच्या कणग्यांना मिळाली आहे. सासूबाईंच्या औषधांत मोठी घट झाली. तिचे श्रेय एकट्या गॅसला देण्याइतकी मी जाणकार नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंती एकदा रंगवल्यावर पुन्हा काळ्या झाल्या नाहीत हे मी स्वतः पाहते आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. उकिरड्यावर ओले शेण ढिगाने पडले की त्याच्या आत हवा पोहोचत नाही आणि तिथूनही मिथेन सुटत राहतो. संयंत्रात तो पकडला जातो आणि जळतो, हा मोठा लाभ. पण गळके संयंत्र हा लाभ उलटा करते, कारण ते अधिक मिथेन तयार करून तो तसाच हवेत सोडते. पर्यावरणासाठी बायोगॅस बांधला आणि सांध्यांकडे दुर्लक्ष केले, तर ते पर्यावरणाचे काम झाले असे मला म्हणता येणार नाही. आम्ही महिन्यातून एकदा सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतो. गावाला जाताना घर बंद राहणार असेल तर शेजारणीला शेगडी वापरायला सांगून जातो, म्हणजे जादा गॅस नुसता बाहेर पडत नाही. आणि संयंत्रात काही अडकले म्हणून कोणीही, कितीही धाडसी असला तरी, आत उतरायचे नाही. तिथे प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असू शकतो. अशा टाक्यांमध्ये एकामागून एक उतरलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

गॅसइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक मोल संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीचे, म्हणजे गॅस निघून गेलेल्या काल्याचे आहे. पूर्वी शेण गायरीत (शेणाच्या उकिरड्यात) टाकले जाई, पावसाच्या माऱ्याने त्यातला कस वाहून जाई आणि उन्हाळ्यात जे उरे ते शेतात जाई. स्लरीत नत्राचा बराच भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात असतो, पण तोच भाग ऊन लागले की अमोनिया होऊन उडून जातो. त्यामुळे ती उघड्यावर वाळवून पोत्यात भरणे म्हणजे अर्धे खत वाया घालवणे होय. आम्ही निर्गम टाकीच्या पुढे दोन खड्डे केले, त्यांवर झावळ्यांचा मांडव घातला, आणि एक भरेपर्यंत दुसऱ्यात काजू-आंब्याचा पालापाचोळा व स्लरी यांचे थर देऊन ते कुजू देतो. हा पालापाचोळा पूर्वी मार्चमध्ये जाळला जाई. उरलेली पातळ स्लरी नारळ-सुपारीच्या आळ्यांत पाण्याबरोबर सोडतो. ज्या वाफ्यात भाताचा तरवा (लावणीची रोपे) काढतो तिथे आता राब भाजत नाही. राबासाठी झाडांची कवळे (पानांसकटच्या डहाळ्या) तोडून जाळण्याची रीत आमच्या घरी दोन पावसाळ्यांपूर्वीच थांबली, आणि तरवा काही कमी जोमाचा येत नाही. युरियाच्या गोणी पूर्ण बंद झालेल्या नाहीत. भाताला थोडा युरिया अजूनही पडतो, मात्र बागेत तो अजिबात जात नाही.

सर्वांत कठीण प्रश्न गुरांचा आहे. नांगरटीला पॉवर टिलर आल्यापासून वाडीतल्या बैलजोड्या गेल्या, चाकरमानी मुंबईत आणि घरी म्हातारी माणसे, अशा घरांत गुरे सांभाळणार कोण? आमच्या भागात जी दीनबंधू संयंत्रे बंद दिसतात त्यांपैकी माझ्या पाहण्यातली बहुतेक घुमट धड असूनही बंद आहेत, कारण गोठाच रिकामा झाला. आमच्याकडेही एक म्हैस म्हातारी झाली, दोन गाई कमी झाल्या आणि शेण तीस किलोंवर आले, तेव्हा ज्योत स्पष्टपणे लहान झाली. नवीन म्हैस घेणे तेव्हा शक्य नव्हते. स्वयंपाकघरातील उरलेसुरले, फणसाची चारखंडे (गरे काढल्यावर उरणारा भाग), भाताची पेज असे काही काल्यात थोड्या प्रमाणात मिसळून पाहिले. त्याने गॅस वाढतो, पण एकदम जास्त टाकले तर आतला काला आंबट होऊन मिथेन तयार होणे मंदावते. त्यामुळे तो मार्ग जपून वापरावा लागतो आणि शेणाची जागा तो घेऊ शकत नाही.

शेवटी शेजारच्या दोन घरांशी बोलणे झाले. त्यांच्याकडे प्रत्येकी एकच म्हैस आहे. एवढ्या शेणावर त्यांना स्वतंत्र संयंत्र बांधणे शक्य नाही आणि ते शेण नुसतेच गायरीत जात होते. आता ते रोज सकाळी एकेक घमेले शेण आमच्या कालवणीच्या टाकीत आणून टाकतात, आणि बदल्यात घमेल्याला दोन बादल्या स्लरी त्यांच्या परसातील माडांना व भाजीला नेतात. पहिल्यांदा त्यांना वाटले की गॅस काढून घेतल्यावर शेणात खत म्हणून काही उरत नसेल. एका हंगामात वांग्यांच्या दोन ओळींना स्लरी आणि दोन ओळींना गायरीतले शेणखत घालून त्यांनी स्वतःच पाहिले, आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. आमच्या शेगडीची ज्योत पूर्ववत झाली आहे. त्यांपैकी एका घराने यंदा गोठ्याला नवे छप्पर घातले असून दिवाळीनंतर दुसरी म्हैस आणण्याचा त्यांचा विचार आहे. त्या वेळी शेण मोजून, पुरेसे भरल्यास एक घनमीटरचा स्वतंत्र अर्ज करायचा असे ठरले आहे, आणि आमच्या घुमटाचे काम केलेल्या गवंड्याला त्यांनी आताच विचारून ठेवले आहे.